मुरबाडच्या खाचरातला तपास

पहाटे ५

ओट्यावर काचेच्या दोन बाटल्या आहेत. दोन्हींत निम्म्यापर्यंत गोडेतेल. एकीत चमचाभर पाणी ओतून ती जोरात हलवली आणि ठेवून दिली. चहा होईपर्यंत पाणी तळाशी जाऊन बसलं. आजच्या शिबिरात सगळ्यात आधी ही बाटली दाखवायची आहे.

लहान विमानाचं पेट्रोल निळसर असतं. तो रंग मुद्दाम घातलेला असतो, दुसरं इंधन चुकून भरलं गेलं तर नजरेला कळावं म्हणून. टाकी अर्धी रिकामी राहिली तर रात्रीच्या गारव्यात आत दव धरतं. झाकणाचं रबर वाळलं असेल तर पावसाचं पाणीही आत झिरपतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाला जातं आणि इंजिनाकडे जाणारी नळीही तळालाच असते. सकाळी पहिल्या उड्डाणाआधी टाकीच्या तळाची बारीक तोटी दाबून पारदर्शक पेल्यात थोडं इंधन काढायचं आणि उजेडात धरून पाहायचं, एवढाच उपाय. हँगरमधल्या माझ्या सगळ्या नोकरीत दिवसाची सुरुवात या पेल्याने झाली.

हे पाणी नेमकं उड्डाणाच्या वेळीच का नडतं, हे लोकांना समजावून सांगावं लागतं. नळीत आणि कार्बोरेटरमध्ये आधीचं चांगलं पेट्रोल शिल्लक असतं. त्यावर इंजिन सुरू होतं, विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत जातं, तिथली तपासणीही नीट पार पडते. मग पूर्ण ताकद दिली की इंधनाचा ओघ वाढतो, तळाचं पाणी ओढलं जातं आणि विमान जेमतेम झाडांच्या वर गेलेलं असताना इंजिन गप्प होतं.

सकाळी ७

शहापूरच्या स्टँडवरून मुरबाडची एसटी. सोबत दोन पोती. एकात भंगारातून आणलेल्या पंख्याची मधोमध कापलेली दोन पाती, तुटक्या वायरींची टोकं, काही बल्ब, लाल आणि हिरव्या काचेचे तुकडे, नारिंगी रंगवलेला पत्र्याचा डबा. दुसऱ्यात खुंट्या, सुतळी, मोजपट्टी आणि फक्की. कंडक्टरने पात्यांकडे पाहून विचारलं, "काका, ऊसतोडीचं काय आहे का?" विमानाचा पंखा म्हटल्यावर त्याने पुढच्या सीटखाली जागा करून दिली आणि भातसा नदीचा पूल येईपर्यंत प्रश्न विचारत राहिला.

माहुलीचा डोंगर मागे पडला. मे महिन्याचा शेवट, शेतं कोरडी, जागोजाग भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचे काळे चौकोन. डोक्यावरून मुंबईकडे उतरणारी विमानं जात होती. शहापूर-मुरबाडच्या माणसाला विमान रोज दिसतं. मुंबई जवळ, आता नवी मुंबईचं विमानतळही आहे, नाशिक-शिर्डीकडे जाणारी हेलिकॉप्टरं आहेत. धुळे, शिरपूर, बारामती आणि गोंदियात शिकाऊ वैमानिक रोज उडतात. या दोन तालुक्यांत विमानतळ नाही, पण विमान पडायला विमानतळ लागत नाही. इंजिन बंद पडलेला वैमानिक खाली पाहतो तेव्हा त्याला मोकळं शेत हवं असतं.

म्हणून पावसाळ्याआधीच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकांत या विषयाला तासभर द्या, असं मी कार्यालयांना सांगत फिरतो. पूर, वीज, दरड, सर्पदंश यांच्यानंतर शेवटचा तास मिळतो. आज मात्र दुपारपर्यंतचा वेळ दिला आहे आणि सरावासाठी एक खाचरही.

सकाळी ९.३०

मुरबाडच्या सभागृहात पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशाताई, आपदा मित्र म्हणून नाव नोंदवलेली तरुण मुलं. टोकावडे, धसई, म्हसा, सरळगाव, शिरोशी अशा सगळ्या बाजूंनी आलेली.

पहिलं वाक्य मी सरळांब्याचं उच्चारतो. १ ऑगस्ट २०२३ ची ती मध्यरात्र शहापूर तालुका विसरलेला नाही. समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर बसवण्याचं अजस्र यंत्र कोसळलं आणि २० माणसं गेली. बचाव पथकं लांबून येतात. त्यांच्या आधी अंधारात, पावसात पोहोचतो तो जवळचा माणूस. विमानाच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे, कारण ते कुठे पडेल याचा नकाशा कोणाकडे नसतो.

मग चोपड्याची गोष्ट. १६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचं एक छोटं विमान जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या वर्डीच्या बाजूला सातपुड्याच्या रानात कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले. शिकणारी मुलगी जखमी होऊन अडकली होती. गाडी पोहोचेल असा रस्ता नव्हता. पाड्यावरची माणसं धावली, एका बाईने आपलं लुगडं दिलं, त्याची झोळी लाकडाला बांधून त्या मुलीला डोंगरातून खाली आणलं गेलं. ही गोष्ट सांगताना माझा आवाज दर वेळी बदलतो आणि मी तो लपवत नाही. त्या माणसांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी जे केलं ते कुठल्याही पुस्तकातल्या पहिल्या पानाइतकं बरोबर होतं.

सकाळी १०.१५

पहिल्या तासात काय करायचं, हे फळ्यावर लिहितो. वारा पाठीवर घेऊन जवळ जा. बिडी-काडी नाही, मोटारसायकल लांब उभी करा, कारण पेट्रोल पंखांत असतं आणि पंख फाटलेले असतात. पंख्याला हात लावायचा नाही. बंद दिसणाऱ्या इंजिनाचा पंखा ढकलला तर एखादा झटका बसू शकतो आणि त्या झटक्यात हात तुटू शकतो. काही हलक्या विमानांत अख्खं विमान तोलणारं पॅराशूट असतं, ते बाहेर फेकायला आत छोटं रॉकेट बसवलेलं असतं. विमानाच्या अंगावर इशाऱ्याचा त्रिकोण किंवा स्टिकर दिसला तर त्या बाजूला उभं राहू नका. अनेक नव्या विमानांचं अंग धातूचं नसून तंतूंचं असतं, ते जळलं की बारीक धूळ उडते. नाकाला ओला रुमाल बांधा.

नारिंगी डबा वर धरतो. "हा दिसला तर?" आपदा मित्रांपैकी एक मुलगा म्हणाला, "ब्लॅक बॉक्स. उचलून पोलिसांना द्यायचा."

हा गैरसमज सगळीकडे आहे. दोन-चार आसनांच्या बहुतेक विमानांत ब्लॅक बॉक्स नसतोच. नारिंगी डबी असते ती संकटाचा संदेश पाठवणारी. धडक बसली की ती ४०६ मेगाहर्ट्झवर आपोआप बोलू लागते, उपग्रह तो संदेश पकडतो आणि आपल्याकडे तो बेंगळुरूला इस्रोच्या केंद्रात पोहोचतो. चांगल्या हेतूने कोणी ती उचलून घरी नेली किंवा बटण बंद केलं, तर शोधणाऱ्यांना चुकीचा पत्ता मिळतो किंवा पत्ताच मिळत नाही.

ब्लॅक बॉक्स नसतो, हे मी दोनदा सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. मोठ्या विमानाच्या अपघातात शेकडो आकड्यांची नोंद मिळते. लहान विमानाच्या अपघातात मिळते ती जमीन, तुटलेले भाग, देखभालीची वही आणि पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसांचे शब्द. यातल्या जमिनीवर आणि शब्दांवर पहिल्या तासात गावाचाच ताबा असतो.

सकाळी ११.३०

खाचरात. ऊन असं की सुतळीही तापली आहे. याच उन्हाचा हिशेब आधी केला. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश धरतात. पारा ४० वर गेला की फरक २५ अंशांचा, आणि प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट या हिशेबाने हवा ३००० फुटांवर असावी तितकी विरळ होते. इंजिनाची ताकद कमी, पंखांना उचल कमी, धाव लांब. डिसेंबरात सहज उडालेलं विमान मे महिन्याच्या दुपारी त्याच ओझ्यासह धावपट्टीचं टोक येईपर्यंत जमीन सोडत नाही. कागदावर वजन बसतं, हवेत बसत नाही. पावसाळ्यात वेगळीच अडचण असते. ओलसर हवेत कार्बोरेटरच्या आत तापमान २० अंशांहून जास्त उतरू शकतं आणि बाहेर उकाडा असताना आत बर्फ धरतो. शिबिरातल्या कोणालाच हे खरं वाटत नाही. वैमानिकांनाही पहिल्यांदा ऐकताना वाटत नाही.

सराव असा. सकाळी मी आणि कार्यालयातला एक मुलगा आधी येऊन खाचरात काही गोष्टी मांडून गेलो होतो. जमिनीत एक खोल खड्डा, त्याच्या अलीकडे एक आखूड ओरखडा. ओरखड्यात लाल काच. खड्ड्यापाशी पंख्याची दोन पाती, एक सरळ, दुसरं मागे वाकलेलं. आसपास पत्रे, सगळे दहा-पंधरा पावलांच्या आत. सकाळची तेल-पाण्याची बाटली एका पत्र्याखाली. तीन गट केले. हात न लावता फक्त पाहायचं, खुंट्या ठोकायच्या, अंतरं मोजायची, फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत मापाला काही तरी हवं. पट्टी नसेल तर आगपेटी किंवा चप्पल चालेल.

पहिला गट खड्ड्याकडेच धावला. दुसऱ्या गटात धसईकडच्या एक तलाठी बाई होत्या, त्या ओरखड्यापाशी थांबल्या. जमीन मोजण्याची सवय असलेला माणूस सुरुवातीचा दगड शोधतो. त्यांनी लाल काच पाहिली आणि विचारलं, "सर, दोन्ही टोकांना एकच रंग असतो का?" नसतो. डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्याला हिरवा. म्हणजे जमिनीला आधी डावा पंख लागला. विमान डावीकडे कललेलं होतं. इतकं त्यांनी स्वतः काढलं आणि गट एकदम गप्प होऊन कामाला लागला.

पुढचं आम्ही मिळून वाचलं. ओरखडा आखूड, खड्डा खोल, तुकडे जवळजवळ. म्हणजे विमान घसरत आलं नाही, नाक खाली करून पडलं. पुढे जाण्याचा वेग थोडा, खाली येण्याचा जास्त. पात्यांकडे पाहा. इंजिन ताकदीने फिरत असताना पंखा जमिनीला लागला असता तर दोन्ही पाती पिळली गेली असती, रुंदीच्या दिशेने ओरखडे उठले असते, माती कापल्याच्या खुणा ओळीने दिसल्या असत्या. इथे एक पातं जवळपास सरळ आहे आणि दुसरं नुसतं मागे वाकलंय. इंजिनात ताकद नव्हती.

बल्बांचीही गंमत मुलांना आवडते. पेटलेल्या बल्बची तार तापून मऊ असते, धक्का बसला की ती ताणून लांबते. विझलेल्या बल्बची तार थंड आणि ठिसूळ, ती कडकन तुटते. कॉकपिटमधला इशाऱ्याचा दिवा आदळताना पेटलेला होता की नाही, हे भिंगाखाली एवढ्याशा तारेवरून कळतं. वेग दाखवणाऱ्या काट्याचाही कधी कधी धडकेच्या क्षणी तबकडीवर ठसा उमटतो. केबल तुटली असेल तर तिचे तंतू पाहायचे. झटक्याने तुटलेले आणि महिनोन्‌महिने झिजून तुटलेले तंतू वेगळे दिसतात.

मग टोकावड्याच्या बाजूचे एक वयस्क पोलीस पाटील खाचराच्या कडेला उभे राहून म्हणाले, "आग लागली होती म्हणून यांनी लिहिलंय. ती आग नाय. तो राब हाय."

तिसऱ्या गटाने काळा चौकोन पाहून 'आगीच्या खुणा' अशी नोंद केली होती. पाटलांनी वाकून दाखवलं: कडा सरळ, राख जुनी, वर पाखरांची पावलं, आणि शेजारच्या खाचरात तसाच दुसरा चौकोन. दिल्लीहून आलेल्या तपास अधिकाऱ्याला हे कोण सांगणार होतं? आग हवेत लागली की जमिनीवर, पडण्याआधी की नंतर, यावर अख्ख्या तपासाची दिशा ठरते. मी पाटलांना तेच सगळ्यांसमोर पुन्हा सांगायला लावलं.

दुपारी १

आता अवघड भाग. इंजिन बंद पडलं, हे कळलं. पण इंजिन बंद पडलं म्हणून विमान पडलं नाही. इंजिनाशिवाय विमान घसरत, तरंगत उतरतं. सेस्ना १५२ हे छोटं प्रशिक्षण विमान ६० नॉटला, म्हणजे ताशी साधारण १११ किलोमीटरला सगळ्यात लांब तरंगतं. मग ते नाकावर का आलं?

खांद्यांपाशी दोन्ही हात पसरून मी खाचरात चाललो आणि वळून दाखवलं. उड्डाणानंतर दोन-तीनशे फुटांवर इंजिन गेलं की माणसाचं मन धावपट्टीकडे मागे ओढ घेतं. पाठीमागे सुरक्षित, सपाट जमीन आहे हे त्याला माहीत असतं. समोर झाडं, बांध, घरं. तो वळतो. विमान तिरकं करून वळताना त्याला आधार द्यायला जास्त वेग लागतो. सेस्ना १५२ सरळ असताना ४८ नॉटच्या आसपास पंखांवरची हवा सुटते. ४५ अंश कललं की तोच आकडा ५७ वर जातो. हातात ६० आहेत. तीन नॉटांच्या फटीत, घाबरलेल्या माणसाने, जमीन वर येत असताना, अख्खं वळण पूर्ण करायचं आहे. हवा सुटली की एक पंख खाली जातो आणि विमान त्या बाजूने नाकावर येतं. म्हणून प्रत्येक प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून सांगतो: इतक्या कमी उंचीवर मागे वळू नकोस, समोर जे असेल त्यात उतर. बांध असला तरी चालेल. पंख सरळ ठेवून, वेग सांभाळून शेतात उतरलेल्या माणसाची जगण्याची शक्यता फार मोठी असते.

एका तरुणाने पेन उघडलं. "म्हणजे पायलटची चूक."

हे वाक्य प्रत्येक शिबिरात येतं आणि मी त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पत्र्याखालची बाटली काढून त्याच्या हातात दिली. पाणी कुठून आलं? टाकीच्या झाकणाचं रबर कोणी, कधी बदललं होतं? सकाळी तळाचं इंधन काढून पाहिलं होतं का, की घाईत राहिलं? घाई कसली होती? वहीत सही आहे, पण सही करणाऱ्याने खरंच पेला उजेडात धरला होता का? की एकाच माणसाकडे पाच विमानं होती? मागे न वळण्याचा सराव त्या शिकाऊ मुलाकडून किती वेळा करून घेतला होता? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुढचं विमान वाचवू शकतं. 'पायलटची चूक' या दोन शब्दांनी कुठलंच विमान वाचत नाही. ज्या माणसाला दोष दिला तो बहुधा गेलेला असतो आणि रबर वाळलेलं झाकण दुसऱ्या विमानावर तसंच राहतं.

शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात जगातल्या देशांनी हे मान्य केलं आहे: तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं, दोष किंवा जबाबदारी ठरवणं नव्हे. भारतात २०१२ साली विमान अपघात तपास ब्युरो, एएआयबी, वेगळा झाला तो याच विचारातून. विमान कंपन्यांना परवाने देणारी आणि नियम लावणारी डीजीसीए स्वतःच तपास करत होती, तेव्हा तिच्या स्वतःच्या देखरेखीत काही कमी पडलं का, हा प्रश्न कोण विचारणार होतं? ब्युरो वेगळा झाल्याचं मला समाधान आहे. त्याला माणसं आणि पैसा आणखी मिळायला हवा, असंही माझं ठाम मत आहे.

दुपारी २

जेवण. नाचणीची भाकरी, सुकट, कांदा आणि कोणीतरी आणलेली करवंदं.

जेवणाआधी मोबाइलवर मी सगळ्यांना एकच आवाज ऐकवला होता: विमानाचं इंजिन पूर्ण ताकदीवर, मग खडखड, मग शांतता. निम्म्यांना लगेच कागद दिला: दुसऱ्याशी न बोलता काय ऐकलं ते लिहा. उरलेल्यांना जेवणानंतर लिहायला सांगितलं.

फरक दर वेळी दिसतो तसाच आजही दिसला. आधी लिहिलेल्या कागदांवर वेगवेगळे, कच्चे, पण उपयोगी शब्द होते. एका शेतकऱ्याने लिहिलं, 'पंपाने हवा ओढल्यावर करतो तसा आवाज, मग बंद.' इंधनाचा पुरवठा तुटतोय, हे यापेक्षा नेमकं कोणता इंजिनिअर लिहिणार? जेवणानंतरच्या कागदांवर मात्र बऱ्याच जणांनी 'स्फोट' लिहिला होता. स्फोट आवाजात नव्हता. तो जेवताना कोणीतरी म्हणाला आणि पंक्तीभर पसरला.

म्हणून साक्षीदारांना एकेकटं विचारा, पहिल्याच तासात, आणि त्यांच्याच शब्दांत लिहा. 'जोराचा आवाज' ला 'स्फोट' करू नका. कुठे उभे होतात, हे लिहाच, कारण आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. किलोमीटरभर लांब असलेल्या माणसाला विमान आधी वळलेलं दिसतं आणि इंजिन बंद पडल्याचं तीन सेकंदांनी ऐकू येतं. तो शपथेवर सांगतो की वळल्यानंतर इंजिन बंद झालं. जवळचा माणूस शपथेवर उलटं सांगतो. दोघंही खरं बोलत असतात.

दुपारी ३.३०

पोलीस ठाण्यातून आलेले हवालदार आणि पाटील यांच्याबरोबर अर्धा तास. इथे दोन कामं एकमेकांत अडकतात. मृत्यू झाला असेल तर अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा पोलिसांना करावाच लागतो, तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाने. दुसरीकडे, तपास यंत्रणेच्या परवानगीशिवाय अवशेष हलवायचे नाहीत, हा विमान अपघात तपासाचा नियम. नियमाने सोडलेल्या वाटा स्पष्ट आहेत: माणसं किंवा जनावरं, जिवंत वा मृत, बाहेर काढण्यासाठी, आग किंवा आणखी नाशापासून वाचवण्यासाठी, लोकांना किंवा वाहतुकीला धोका असेल तर. टपालाच्या पिशव्या पोलिसांच्या देखरेखीखाली काढता येतात. विमान पाण्यात पडलं तर सुरक्षित जागी आणण्यापुरतं हलवता येतं. भातसा, तानसा, बारवी एवढी धरणं आसपास असलेल्या भागात हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

"जखमीला काढायला पत्रा कापावा लागला तर?" हवालदारांनी विचारलं.

कापा. एक क्षणही थांबू नका. कापण्याआधी मोबाइलवर दोन फोटो निघाले तर उत्तम, नाही निघाले तरी कापा. कुठे कापलं ते नंतर पंचनाम्यात लिहा, म्हणजे ती कापलेली कड पाहून कोणी विमान हवेत तुटलं असं समजणार नाही. आत सीटवरचा पट्टा कापला असेल तर तेही लिहा. पट्टा बांधलेला होता की नव्हता, हा तपासातला महत्त्वाचा प्रश्न असतो.

तारांचंही विचारलं गेलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये गोंदियाहून उडालेलं प्रशिक्षण विमान वैनगंगेवर ताणलेल्या तारेला लागून पडलं, प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी दोघंही गेली. अशा वेळी तुटलेली तारही पुरावा असते. वायरमनने ती गुंडाळून नेण्याआधी वीज तोडावी, मग तार जागेवर राहू द्यावी.

संध्याकाळी ५

परतीला सरळगावपर्यंत एका पाटलांच्या गाडीतून. माळशेजची भिंत समोर. गाडी चालवता चालवता त्यांनी विचारलं, "घाटाच्या पलीकडं, जुन्नरच्या डोंगरात मोठं इमान पडलं होतं, ते तुम्हाला ठाऊक असेल."

७ जुलै १९६२. अलितालियाचं डीसी-८, सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईला उतरणार होतं. मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झालेला, पावसाळा. मुंबईच्या ईशान्येला साधारण ८४ किलोमीटरवर ते डोंगरावर आदळलं आणि ९४ माणसं गेली. वैमानिकाला आपण मुंबईच्या जितके जवळ आहोत असं वाटत होतं तितके ते नव्हते, म्हणून उतरणं लवकर सुरू झालं. त्या काळी जमीन जवळ आल्याचं ओरडून सांगणारं यंत्र कॉकपिटमध्ये नव्हतं. डोंगरावर आदळण्याच्या अशाच अपघातांच्या तपासांतून पुढे ती यंत्रं आली. आज रात्री माळशेजवरून उतरणाऱ्या प्रत्येक प्रवासी विमानात ते यंत्र आहे. पाटलांना हे माहीत नव्हतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की हे शिबिरात सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी सांगेन.

रात्री ८.३०

शहापूरला घरी. आजचे कागद चाळतोय.

अहमदाबादचा विषय आज कोणी काढला नाही, पण तो सभागृहात होता. १२ जून २०२५ ला लंडनला निघालेलं एअर इंडियाचं १७१ उड्डाण जमीन सोडल्यावर काही क्षणांत कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. बदलापूर, डोंबिवली, पनवेलच्या बाजूची घरंही त्यात उजाड झाली. आमच्याच लोकल लाइनवरची मुलं-मुली त्या विमानात कामाला होती. महिन्याभरात, नियमाप्रमाणे, ब्युरोचा प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांच्या इंधनाच्या कळा एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्या, आणि कॉकपिटमधल्या एकाने दुसऱ्याला तू इंधन का तोडलंस असं विचारलं, दुसऱ्याने मी नाही तोडलं असं सांगितलं, एवढं त्यात होतं. का गेल्या, हे त्यात नव्हतं. तरी दुसऱ्या दिवसापासून देशभर निकाल लागायला लागले. गेलेल्या वैमानिकांच्या घरच्यांच्या दारापर्यंत ते निकाल पोहोचले. प्राथमिक अहवाल म्हणजे काय सापडलं याची यादी. तिच्यावरून माणसाला दोषी ठरवणं मला अन्याय वाटतं, आणि ते मी प्रत्येक ठिकाणी बोलून दाखवतो.

आता काम. साक्षीदारांसाठीचा एक पानी कागद आहे, त्यात बदल करायचे आहेत. 'काय पाहिलं' च्या आधी 'कुठे उभे होतात' हा प्रश्न घेतला. 'आवाज कसा होता' च्या पुढे मोकळी जागा वाढवली आणि 'स्फोट झाला का?' हा छापील प्रश्न काढून टाकला, तो प्रश्नच स्फोट शिकवतो. जमिनीच्या भागात नवी ओळ: 'शेतात आधीपासून असलेल्या खुणा: राब, खड्डे, चर, ट्रॅक्टरची चाकोरी. स्थानिक शेतकऱ्याला विचारून लिहावे.' खाली तीन गोष्टी ठळक: ११२ आणि १०८ ला फोन; जखमींना काढताना काय कापलं; काय हललं आणि कोणी हलवलं.

कागद कार्यालयातल्या मुलाला व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्याचं उत्तर आलं: शुक्रवारी किन्हवलीला, सकाळी दहाला, सत्तर प्रती काढून ठेवतो, पण तिथल्या शाळेचं मैदान सारवलेलं आहे, खड्डा खणू देणार नाहीत. मग खड्डा फक्कीने आखू. हिरवी काच घ्यायची आहे, या वेळी उजवा पंख आधी लावू.